तिरंदाजी : एका बाणाचा नेम आणि पंधरा बाणांचे सातत्य

दिनांक ५ ऑगस्ट २०२३ रोजी जर्मनीतील बर्लिन येथे जागतिक तिरंदाजी अजिंक्यपद स्पर्धेत महाराष्ट्राच्या दोन तरुण खेळाडूंनी एकाच दिवशी कंपाउंड प्रकारातील वैयक्तिक विजेतेपदे पटकाविली. सातारा जिल्ह्यातील अदिती गोपीचंद स्वामी आणि नागपूरचा ओजस प्रवीण देवतळे हे ते दोन खेळाडू होत. दोघांचाही सराव सातारा येथील एकाच प्रशिक्षण केंद्रात झालेला होता. अदितीचे वय त्या वेळी अवघे सतरा वर्षांचे होते. तिने मेक्सिकोच्या अँड्रिया बेसेरा हिच्यावर १४९-१४७ अशी मात केली, तर ओजसने पोलंडच्या लुकास प्रिझिबिल्स्की याचा १५०-१४९ असा पराभव केला.

यापैकी दुसऱ्या सामन्याचे आकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहेत. कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सामना पंधरा बाणांचा असतो आणि प्रत्येक बाणाला जास्तीत जास्त १० गुण मिळतात. १५० पैकी १५० गुण याचा अर्थ पंधराच्या पंधरा बाण दहा गुणांच्या वर्तुळात बसले. हे वर्तुळ ५० मीटर अंतरावर असते आणि त्याचा व्यास केवळ ८ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम चहाच्या कपाच्या तोंडाएवढा असतो. पराभूत खेळाडूनेही आपल्या पंधरा बाणांपैकी चौदा बाण त्याच वर्तुळात मारले होते. एकच बाण नऊ गुणांच्या वर्तुळात गेला आणि जागतिक विजेतेपद हुकले. एखादा बाण मध्यभागी मारणे हे तिरंदाजीत फारसे अवघड नाही. आठवडाभर सराव केलेल्या मुलाकडूनही ते अधूनमधून घडते. अवघड आहे ते तोच बाण पुन्हा मारणे.

या यशामुळे ग्रामीण शाळांतून आणि ग्रामपंचायतींतून तिरंदाजीविषयी कुतूहल निर्माण होणे साहजिक आहे. धनुष्यबाण खरेदी करणे, मैदान तयार करणे, मुलांना स्पर्धेस पाठविणे हे निर्णय बहुधा अशा व्यक्तींना घ्यावे लागतात ज्यांनी स्वतः हा खेळ कधी खेळलेला नसतो. अचूकता कशातून येते याची स्पष्ट कल्पना नसेल तर पैसा खर्च होतो, मुलांचे खांदे दुखावतात आणि वर्षभरात धनुष्ये शाळेच्या कपाटात जाऊन पडतात.

दोन विद्यार्थी, सहा सहा बाण

समजा, एका शाळेत दोन विद्यार्थ्यांनी प्रत्येकी सहा बाण मारले. पहिल्याचे गुण १०, १०, ९, ८, ५ आणि ३ असे मिळून ४५ झाले. दुसऱ्याचे सहाही बाण लक्ष्याच्या खालच्या बाजूस, एकमेकांना जवळजवळ चिकटून, सात गुणांच्या लाल पट्ट्यात बसले. त्याचे गुण ४२ झाले. गुणपत्रिका पाहणारा परीक्षक पहिल्या विद्यार्थ्याची निवड करील. तिरंदाजीचा जाणकार मात्र निःशंकपणे दुसऱ्याची निवड करील.

याचे कारण असे की, दुसऱ्या विद्यार्थ्याची प्रत्येक कृती सहाही वेळा सारखीच झाली आहे. त्याच्या धनुष्यावरील साईट, म्हणजे नेम धरण्याचे उपकरण, थोडे खाली सरकविले की तो बाणांचा सबंध पुंजका मध्यभागी येईल. (बाण खाली गेले तर साईटही खालीच न्यावी लागते. साईट खाली गेली की तीच खूण मध्यावर आणण्यासाठी धनुष्य थोडे वर उचलावे लागते, असा याचा उलगडा आहे. नवशिके बहुधा याच्या उलट करतात.) पहिल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र कोणती दुरुस्ती करावी हेच सांगता येत नाही, कारण त्याची प्रत्येक चूक वेगळी आहे. त्याचे दोन ‘दहा’ हे कौशल्याचे नसून योगायोगाचे आहेत.

म्हणून सुरुवातीच्या काळात शिक्षकाने गुण मोजू नयेत. बाणांचा पसारा मोजावा. सहा बाणांभोवती सुतळीचा फेर धरून त्याची लांबी वहीत लिहून ठेवली तरी पुरे. हा फेर महिन्यागणिक लहान होत असेल तर विद्यार्थी योग्य मार्गावर आहे, मग त्याचे बाण मध्यापासून कितीही दूर पडोत. साईट हलवितानाही एका बाणावरून निर्णय घेऊ नये. निदान दोन फेऱ्यांतील बाणांचा पुंजका पाहावा आणि त्या पुंजक्याचा मध्य धरूनच बदल करावा.

एका मिलिमीटरचा हिशेब

ऑलिंपिक स्पर्धेत वापरले जाणारे रिकर्व्ह धनुष्य आणि कंपाउंड धनुष्य यांतील फरक येथे सांगणे इष्ट ठरेल. रिकर्व्ह धनुष्याची दोन्ही टोके पुढे वळलेली असतात आणि दोरी बोटांनी ओढली जाते. कंपाउंड धनुष्याच्या टोकांना चाके बसविलेली असतात. त्यामुळे दोरी पूर्ण ओढल्यानंतर हातावरील भार बराच कमी होतो. दोरी बोटांऐवजी एका छोट्या यंत्राने सोडली जाते आणि नेम धरण्यासाठी भिंगाचाही उपयोग करता येतो. १९७२ मध्ये तिरंदाजीचा ऑलिंपिकमध्ये पुन्हा समावेश झाल्यापासून २०२४ च्या पॅरिस स्पर्धेपर्यंत तेथे केवळ रिकर्व्ह प्रकारच खेळविला गेला. कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत प्रथमच समाविष्ट करण्याचा निर्णय झाला आहे. महाराष्ट्रातील कंपाउंड खेळाडूंच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

रिकर्व्ह प्रकारात लक्ष्य ७० मीटर अंतरावर असते. लक्ष्याचा कागद १२२ सेंटिमीटर व्यासाचा आणि त्यातील दहा गुणांचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटर व्यासाचे असते. पूर्ण ओढलेल्या स्थितीत बाणाचा दोरीजवळचा मागचा भाग आणि धनुष्यावरील त्याचा टेकू यांत साधारण ७० सेंटिमीटर अंतर असते. लक्ष्य या अंतराच्या शंभरपट दूर आहे. तेव्हा बाणाचा मागचा भाग आपल्या नेहमीच्या जागेपासून एक मिलिमीटर जरी वर किंवा खाली झाला, तरी लक्ष्यावर सुमारे १० सेंटिमीटरचा फरक पडतो. मध्यावर बसणारा बाण तेवढ्यानेच दहाच्या वर्तुळाबाहेर जाऊन नऊमध्ये बसतो. शाळेतील सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना समरूप त्रिकोणांच्या आधारे हा हिशेब फळ्यावर सहज करून दाखविता येईल, आणि प्रशिक्षकाच्या दहा सूचनांपेक्षा तो अधिक परिणामकारक ठरेल.

पॅरिस ऑलिंपिकमधील पुरुषांच्या अंतिम सामन्यात हा सूक्ष्म फरक सर्व जगाने पाहिला. दक्षिण कोरियाचा किम वू-जिन आणि अमेरिकेचा ब्रॅडी एलिसन यांची बरोबरी झाल्यामुळे प्रत्येकी एका बाणावर निकाल ठरविण्यात आला. दोघांचेही बाण दहाच्या वर्तुळात बसले. तेव्हा मध्यबिंदूपासूनचे अंतर मोजण्यात आले आणि किमचा बाण ४.९ मिलिमीटरने अधिक जवळ असल्याने सुवर्णपदक त्याला मिळाले. वरील शंभरपटीच्या हिशेबाने पाहिल्यास, हनुवटीखाली असलेल्या हाताच्या जागेतील हा फरक एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा होतो.

इतकी बारीक हालचाल डोळ्यांनी पाहून सुधारता येत नाही. ती शरीराच्या सवयीवरच सोपवावी लागते.

सवय कशी लागते

तिरंदाजीतील प्रत्येक बाण म्हणजे ठराविक क्रमाने केलेल्या कृतींची एक साखळी असते. पाय रोवणे, बाण दोरीत बसविणे, मूठ धरणे, धनुष्य उचलणे, दोरी ओढणे, हात हनुवटीखाली टेकविणे, नेम धरणे, दोरी सोडणे आणि सोडल्यानंतरही क्षणभर तसेच राहणे, असा हा क्रम आहे. यातील सर्वच कड्या आवश्यक असल्या तरी नवशिक्यांच्या चुका मुख्यतः तीन ठिकाणी होतात.

पहिली जागा मुठीची. धनुष्य घट्ट आवळून धरले की बाण सुटण्याच्या क्षणी मनगट त्याला नकळत पिळते. धनुष्य आवळायचे नसते; ते अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यावर नुसते टेकलेले असावे आणि बोटे सैल असावीत. मग धनुष्य हातातून पडेल अशी भीती मुलांना वाटते. त्यासाठी बोटाला किंवा मनगटाला अडकविण्याचा एक साधा पट्टा मिळतो. तो नसेल तर बुटाची नाडीही चालते.

दुसरी जागा हनुवटीची. दोरी ओढणारा हात दर वेळी जबड्याच्या त्याच हाडाखाली, त्याच दाबाने टेकला पाहिजे आणि दोरी नाकाच्या टोकाला व हनुवटीला त्याच ठिकाणी स्पर्श करणारी असावी. या जागेला खेळाडू ‘अँकर’ म्हणतात. रिकर्व्ह धनुष्याला मागच्या बाजूस, डोळ्याजवळ, नेमाची दुसरी खूण नसते. बंदुकीच्या नळीवर जशा पुढे व मागे दोन खुणा असतात, तशी मागची खूण म्हणजे येथे हा अँकरच होय. वरील एका मिलिमीटरचा हिशेब याच जागेला लागू पडतो. तोंड उघडे ठेवून बाण मारणारा विद्यार्थी आपला जबडा, पर्यायाने मागची खूणच, हलवीत असतो हे शिक्षकाने ध्यानात ठेवावे.

तिसरी जागा दोरी सोडण्याची. दोरी ‘सोडावी’ असे म्हटले जाते, पण वस्तुतः ती बोटांतून निसटू द्यावयाची असते. पाठीचे, विशेषतः दोन्ही फऱ्यांच्या मधले स्नायू आवळत राहावेत आणि बोटे सैल व्हावीत, एवढेच करावयाचे. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्या विद्यार्थ्याने बोटांनी दोरी बाजूला झटकली तर त्याचे बाण बहुधा डावीकडे जातात. धनुष्याचे वरचे टोक उजवीकडे कलले तर बाण उजवीकडे आणि किंचित खाली जातात. ओढ कधी कमी, कधी अधिक झाली तर ते वरखाली विखुरतात. या शेवटच्या दोषावर उपाय म्हणून रिकर्व्ह धनुष्यावर ‘क्लिकर’ नावाची धातूची बारीक पट्टी बसवितात. बाण ठरलेल्या लांबीइतका ओढला गेला की पट्टी त्याच्या टोकावरून निसटून ‘टक्’ असा आवाज करते आणि तो आवाज ऐकल्यावरच दोरी सोडावयाची असते. नवशिक्यांना मात्र पहिले काही महिने क्लिकर देऊ नये. आधी अंगाला ओढीची सवय लागावी, नंतर यंत्राने तिची खात्री करावी.

या सवयी लावण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग दिसायला अगदीच नीरस आहे. लक्ष्याचा कागद काढून टाकावा, पेंढ्याच्या गठ्ठ्यापासून तीन ते पाच मीटरवर उभे राहावे आणि काहीही नेम न धरता, शिक्षकांच्या देखरेखीखाली शक्य तर डोळे मिटून, बाण मारावेत. नेमाची चिंता नसली की मन हाताकडे आणि पाठीकडे लागते. प्रथितयश खेळाडूही आपल्या सरावाचा काही भाग अशाच रिकाम्या गठ्ठ्यावर घालवितात. शाळेत मात्र पालक आणि मुले दोघेही याला कंटाळतात व पहिल्याच आठवड्यात ३० मीटरवर जाण्याचा आग्रह धरतात. तो आग्रह शिक्षकाने मानू नये. दहा मीटरवर सहाही बाण तळहाताएवढ्या जागेत बसू लागल्याखेरीज अंतर वाढवू नये.

द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुनाला केवळ पक्ष्याचा डोळा दिसला, ही कथा आपल्याकडील प्रत्येक शिक्षक सांगतो. एकाग्रता शिकविण्यासाठी ती चांगली आहे. परंतु ती ऐकून मुले लक्ष्याकडे डोळे वटारून पाहत राहतात आणि चार-पाच सेकंदांत हात थरथरू लागतो. नेम धरण्याचा काळ लांबविल्याने तो सुधारत नाही, उलट बिघडतो. वैयक्तिक सामन्यात खेळाडूला एका बाणासाठी २० सेकंद मिळतात; त्यातील प्रत्यक्ष नेम धरण्याचा वेळ अगदी थोडा असतो. ठरल्या वेळेत बाण सुटला नाही तर दोरी सावकाश परत न्यावी आणि पुन्हा सुरुवात करावी. हा धीर अंगी बाणविणे हेही प्रशिक्षणाचेच अंग आहे.

सातत्य म्हणजे सर्वांची ठेवण एकसारखी असणे नव्हे. जम्मू-काश्मीरमधील शीतल देवी हिला जन्मतः हात नाहीत. ती पायाने धनुष्य धरते आणि खांद्याला बसविलेल्या साधनाच्या आधारे दोरी ओढते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये राकेश कुमार याच्या साथीने तिने मिश्र सांघिक कांस्यपदक मिळविले. पुस्तकातील कोणतेही चित्र तिच्या पद्धतीशी जुळणार नाही. परंतु तिची पद्धत दर बाणाला स्वतःशी जुळते. अपंग विद्यार्थ्यांना मैदानाच्या कडेला बसवून ठेवणाऱ्या शाळांनी या खेळाचा या दृष्टीने अवश्य विचार करावा.

धनुष्य किती जड असावे

खरेदीच्या वेळी हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असतो आणि नेमकी येथेच सर्वाधिक गफलत होते. धनुष्याची ओढ पौंडांत मोजतात. जड धनुष्याचा बाण वेगाने व सरळ जातो, म्हणून ते अधिक चांगले, असा एक समज आहे. मोठ्या स्पर्धांतील प्रौढ खेळाडूंच्या बाबतीत तो काही अंशी खराही आहे. परंतु ४० पौंडी धनुष्याने ७२ बाण मारणे म्हणजे सुमारे तेराशे किलोग्रॅम भार टप्प्याटप्प्याने ओढणे होय, हे विसरले जाते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला १४ ते १८ पौंड आणि थोड्या मोठ्या मुलांना सुरुवातीस २० ते २४ पौंड ओढीचे धनुष्य पुरेसे होते. पूर्ण ओढीवर दहा सेकंद न थरथरता धनुष्य धरता येत नसेल तर ते त्या विद्यार्थ्यासाठी जड आहे असे समजावे. जड धनुष्य ओढताना मूल खांदा वर उचलते, कंबर मागे झुकविते आणि चेहरा दोरीकडे नेते. या तिन्ही गोष्टी एकदा सवयीच्या झाल्या की त्या मोडण्यास वर्षे लागतात. खांद्याला झालेली इजा तर पुष्कळदा खेळच थांबविते.

मूल उजव्या हाताने लिहिते एवढ्यावरून त्याला उजवे धनुष्य देऊ नये. दोन्ही तळहातांमध्ये लहानशी फट ठेवून तिच्यातून दूरची एखादी वस्तू पाहण्यास सांगावे आणि मग एकेक डोळा मिटण्यास सांगावे. जो डोळा उघडा असताना वस्तू फटीतच दिसते तो त्या मुलाचा प्रबळ डोळा असतो. दोरी शक्यतो त्याच बाजूच्या हाताने ओढली जावी. या परीक्षेस एक मिनिट लागते आणि पुढील अनेक महिन्यांचा मनस्ताप वाचतो.

बाणांच्या बाबतीत एक अत्यंत सोपा उपाय सांगता येईल. प्रत्येक बाणावर क्रमांक घालावा आणि कोणत्या क्रमांकाचा बाण कोठे बसला याची नोंद ठेवावी. पाच बाण एकत्र बसतात आणि चौथ्या क्रमांकाचा बाण दर वेळी बाहेर जातो असे आढळल्यास दोष मुलाचा नसून बाणाचा आहे. त्याचे पीस सुटलेले असेल, मागची खाच फाकली असेल किंवा काडी किंचित वाकली असेल. कित्येक होतकरू मुले अशा सदोष बाणांपायी स्वतःला दोष देत राहतात. बाण सुटताना धनुष्याला वळसा घालून किंचित लवतो. त्यामुळे बाणाचा ताठपणा धनुष्याच्या ओढीशी जुळणारा असावा लागतो. धनुष्ये एका दुकानातून आणि बाण दुसरीकडून, केवळ दर कमी म्हणून घेतले, तर हा मेळ बसत नाही. दोरी आणि मूठ यांमधील अंतर दररोज सरावापूर्वी पट्टीने मोजावे. दोरी ताणून सैल झाली की हे अंतर कमी होते आणि कालचा नेम आज लागत नाही.

तीरकामठा आणि इंडियन राउंड

कंपाउंड धनुष्याचा संपूर्ण संच लाखांच्या घरात जातो. तो ग्रामपंचायतीच्या किंवा जिल्हा परिषद शाळेच्या आवाक्यातील नाही. परंतु आपल्या देशातील स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ नावाचा स्वतंत्र प्रकार आहे. त्यात देशी बांबूचे किंवा लाकडाचे धनुष्य वापरतात आणि ३० व ५० मीटरवरून बाण मारतात. अशा धनुष्याला साईट किंवा क्लिकर यांपैकी काहीही नसते. साहजिकच येथे सर्व भिस्त अँकरवर आणि ओढीच्या सारखेपणावर असते. साधनांचा आधार नसल्याने सातत्याचे प्राथमिक धडे गिरविण्यास हा प्रकार उत्तमच म्हणावा लागेल.

नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली, पालघर या भागांतील आदिवासी समाजांत तीरकामठा पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचा आहे. तेथील मुले जन्मतःच तिरंदाज असतात, असे विधान भाषणांतून वारंवार केले जाते. हे विधान कौतुकाचे असले तरी घातक आहे. रानात एका बाणाने काम भागते, अंतर बदलत असते आणि लक्ष्य हलते असते. मैदानावर एकच अंतर, एकच लक्ष्य आणि बहात्तर बाण असतात. ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. पहिल्याचा दुसऱ्याला उपयोग होतो, पण त्याने प्रशिक्षणाची जागा घेतली जात नाही. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्याच्या आदिवासी भागातील लिंबाराम हा बांबूच्या धनुष्यावर वाढला आणि १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये भारताच्या तिरंदाजी संघातून खेळला. मधल्या काळात शासकीय योजनेतून त्याला मिळालेले पद्धतशीर प्रशिक्षण वगळून त्याची कथा सांगितली जाऊ नये. फलटण तालुक्यातील सरडे गावच्या प्रवीण जाधव याचेही तसेच आहे. मजुरी करणाऱ्या आईवडिलांच्या या मुलातील गुण प्राथमिक शाळेतील एका शिक्षकाने हेरले. आधी धावण्यासाठी निवडला गेलेला हा मुलगा क्रीडा प्रबोधिनीत तिरंदाजीकडे वळला आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला.

मनावरील ताण

सरावात चांगले बाण मारणारी मुले स्पर्धेत का कोसळतात, असा प्रश्न शिक्षक नेहमी विचारतात. तिरंदाजीत या विकाराचे एक ठराविक रूप आहे. नेमाची खूण पिवळ्या वर्तुळात शिरताच हात आपोआप दोरी सोडून देतो, अथवा खूण वर्तुळाच्या कडेलाच अडकून बसते आणि काही केल्या मध्यावर येत नाही. खेळाडू याला ‘गोल्ड पॅनिक’ म्हणतात. ही भित्रेपणाची खूण नाही. प्रत्येक बाणाचा गुण मोजला जाणार या धास्तीने जडलेली ती एक सवय आहे. रागावून, शिक्षा करून किंवा अधिक बाण मारावयास लावून ती जात नाही. लक्ष्याचा कागद काढून मुलाला पुन्हा पाच मीटरवरील रिकाम्या गठ्ठ्याकडे नेणे आणि काही आठवडे गुणांचा उच्चारही न करणे, हाच त्यावर उपाय आहे.

खेळातील प्रावीण्यावर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षणही आहे. गरीब घरातील मुलांना या सवलतींनी मोठा आधार दिला आहे यात शंका नाही. परंतु जिल्हा स्पर्धेच्या आदल्या दिवशी ‘या वेळी नंबर आलाच पाहिजे, नाहीतर नोकरी गेली’ असे चौदा वर्षांच्या मुलीला ऐकविणे म्हणजे तिच्या हातातील धनुष्यावर आणखी दहा पौंड चढविण्यासारखे आहे. पात्रता फेरीत ७२ बाण असतात. पॅरिस येथे या फेरीत ७२० पैकी ६९४ गुणांचा विश्वविक्रम करणाऱ्या दक्षिण कोरियाच्या लिम सी-ह्यॉन हिलाही २६ गुण गमवावे लागले. चुकलेला बाण परत आणता येत नाही, तेव्हा पुढच्या बाणाची पहिली कृती म्हणजे पाय रोवणे, तेवढ्यावरच मुलांनी लक्ष द्यावे, असे त्यांना शिकविता येईल. स्पर्धेपूर्वी शाळेतच घड्याळ लावून, शिट्टी वाजवून आणि गावातील चार माणसे समोर बसवून सामने घेतल्यास ही सवय लवकर लागते.

मैदान

मैदानाची निवड करताना ग्रामपंचायतीने लांबीपेक्षा लक्ष्यामागील जागेचा विचार आधी करावा. हलक्या धनुष्यातूनही वर रोखलेला बाण शंभर मीटरांच्या पलीकडे जाऊ शकतो. त्यामुळे लक्ष्याच्या मागे उंच मातीचा बांध असावा आणि त्या दिशेस रस्ता, पायवाट, गोठा किंवा पाणवठा असू नये. सर्वांनी एकाच रेषेवरून बाण मारावेत, शिट्टी झाल्याखेरीज कोणीही रेषा ओलांडू नये आणि बाण उपसताना मागे कोणी उभे राहू नये, हे नियम पहिल्या दिवसापासून पाळले गेले पाहिजेत. बाण न लावता दोरी ओढून सोडण्याची मुलांना फार हौस असते. त्याने धनुष्याला तडा जातो आणि तुकडा उडून इजाही होऊ शकते. मैदान उत्तर-दक्षिण असल्यास सकाळ-संध्याकाळचे ऊन डोळ्यांवर येत नाही. वाऱ्याचा अंदाज येण्यासाठी प्रत्येक लक्ष्यावर कापडाची एक लहान पताका लावावी.

लक्ष्यासाठी फोमचे गठ्ठे विकत मिळतात, पण भाताचा पेंढा, म्हणजे विदर्भातले तणस, दोरखंडाने घट्ट आवळून बांधल्यास शाळेचे काम उत्तम भागते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत मैदान बंद राहते आणि बहुतेक शाळांत सरावही थांबतो. तो थांबण्याचे कारण नाही. एका टोकाला भिंत असलेला व्हरांडा किंवा रिकामी खोली, तीत पेंढ्याचा एक गठ्ठा आणि पाच मीटरची मोकळी जागा एवढे मिळाले तर बिनलक्ष्याचा सराव सुरू ठेवता येतो. मात्र त्या वेळेत दार बंद असावे आणि दाराशी एक शिक्षक उभा असावा. या दिवसांत दोरीला आठवड्यातून एकदा मेण लावावे. बांबूची धनुष्ये सराव संपताच दोरी उतरवून, ओल न लागेल अशा जागी आडवी ठेवावीत. दोरी चढविलेल्या अवस्थेत ठेवलेला बांबू वाकडाच राहतो आणि दिवाळीनंतर मैदान खुले होते तेव्हा त्याची निम्मी ओढ गेलेली असते.